पोफळदांड्याचे बोलके तांडेल

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. आतली पुस्तकं जागच्या जागी, चांदीचं निरांजनसुद्धा जागेवर. नाहीशी झाली होती फक्त एक डिस्क, साबणाच्या वडीएवढी.

"चोराला चांदी नको, पोफळदांड्याची मतं हवीत," पुष्पलता चुरी मॅडम म्हणाल्या. "असला चोर मी जन्मात पाहिला नाही, उन्नती."

मी पाहिलेत. पालघरच्या कोर्टात वकिली करता करता माझे केस पिकले. माणूस काय पळवेल याला काही धरबंध नसतो. एकाने तर शेजाऱ्याचा नुसता दरवाजा नेला होता, चौकटीसकट! तेव्हापासून माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. नवरा म्हणतो, लग्नात अंतरपाट धरला तेव्हाही मी पलीकडे कोण उभं आहे ते वाकून पाहिलं होतं. पाहिलंच होतं. त्यात काय बिघडलं?

मॅडमनी मला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. आमदार सभागृहात प्रश्न कसे विचारतात, यावर त्यांनी डॉक्टरेट केली. मग जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाच्या मागे लागल्या. कुठल्या गावाला रस्ता मिळतो आणि कुठल्याला नुसतं भूमिपूजन, हे त्यांनी असं मांडलं की दोन सभापतींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. शेवटी वळल्या मतदारांकडे. आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि शेवटचं पुस्तक पोफळदांड्यावर होतं. पोफळदांडा म्हणजे तारापूरच्या खाली समुद्राला चिकटलेला कोळीवाडा.

"पंचायत समितीच्या निवडणुकीत कुणाला मत दिलं आणि का, हे लोक आपल्या तोंडाने बोललेत त्यात," त्या म्हणाल्या. "कुणाला कळणार नाही, असा मी शब्द दिला होता. पुढच्या आठवड्यात ती डिस्क घेऊन मी घरोघर जाणार होते. ज्याचा आवाज त्याला ऐकवायचा, त्याने हो म्हटलं तरच छापायचं. आजवर मी नुसती टिपणं वाचली होती."

"दुसरी प्रत?"

"नाही. इंटरनेटवर कुणी बघेल म्हणून ठेवलीच नाही."

"आणि किल्ली?"

"देव्हाऱ्यामागे. मला, हिनाला, भाग्येशला आणि खंडेरावांना माहीत."

हिना आणि भाग्येश हे त्यांचे संशोधक विद्यार्थी. हिना पोफळदांड्याचीच, हंसा मासेवालीची लेक. भाग्येश सालवडला राहतो, वडील बोईसरच्या कारखान्यात, मूळ गाव वाशीमकडे. खंडेराव हे कॉलेजातले विभागप्रमुख. ते अधूनमधून चहाला यायचे आणि भांडून जायचे.

"संशय कुणावर?"

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. "नाव घ्यायला जीभ रेटत नाही गं. पण काल सुजीतने भर सभेत माझ्या लोकांची मतं बोलून दाखवली. आणि हिनाचा भाऊ मेहुल त्याच सुजीतची गाडी चालवतो."

२

सुजीत म्हणजे पडलेला उमेदवार. पोफळदांड्याने आपल्याला दगा दिला, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. त्याने काय केलं, तर गावच्या देवळासमोर माइक हातात घेऊन एकेका तांडेलाचं नाव घेतलं. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. "नवशा तांडेल मॅडमना काय म्हणाला, ऐका! म्हणतो, सुजीतकडून बर्फाच्या कारखान्याचा शब्द घेतला, मत मात्र समोरच्याला टाकलं." असे सातआठ जण त्याने सोलून काढले. गावात भावाभावांत जुंपली. नवशाच्या होडीला कुणी बर्फ देईना.

नवशा ओरडून सांगत होता, की मी असलं काही बोललोच नाय. पण कोण ऐकतो? मॅडमनीही ऐकलं नाही.

"मतदार नाकारतोच," त्या मला म्हणाल्या. "मी आयुष्यभर हेच पाहिलं. निकालानंतर विचारा, गावातला प्रत्येक जण जिंकलेल्यालाच मत दिल्याचं सांगतो. मग पडलेल्याला काय भुतांनी मतं दिली?"

दुसऱ्या दिवशी कोर्टात देवू तांडेलचं काम होतं. हा दुसऱ्या गावचा, जागेच्या भांडणात अडकलेला. न्यायाधीशांनी तारीख सांगितली आणि मी हात जोडले, "साहेब, ती अमावास्या आहे. उधाणात हे लोक समुद्रात असतात. भांगातली द्या, अष्टमी-नवमीची." साहेब वैतागले, "सावेबाई, तुमच्या अशिलासाठी मी टेबलावर पंचांग ठेवू का?" सगळं कोर्ट हसलं. पण तारीख भांगातली मिळाली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते, तेव्हाच प्रवाहात बांधलेली डोलीची जाळी भरतात. भांगात पाणी मंदावतं, मग माणसं घरी बसून जाळी दुरुस्त करतात. कोळी अशील सांभाळायचा तर वकिलाला एवढं कळावंच लागतं.

तिथून थेट पोफळदांडा गाठला. हंसा दारात टोपली पालथी घालून बसली होती.

"वकीलबाई, आमी सगल्या बाया एका टेंपोतून बोयसरच्या बाजाराला जातो," ती म्हणाली. "आज मना चढू दिला नाय. माजी सख्खी जाऊ बोलली, तुज्या पोरीनं गाव इकला, तू चालत जा."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय बोलू? माजी पोर चोर नाय. पर रविवारी जमातीची बैठक हाय. तवापर्यंत नाय निभावला तर आमचा चुलाच बंद." तिने पदर तोंडाला लावला. "पोरगी शिकली ती चूक झाली का ओ आमची?"

मला एकदम भडभडून आलं. गावाने कुणाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, कायदा आहे त्याला, मी केस टाकीन, असं मी तावातावाने सांगितलं. हंसा शांतपणे म्हणाली, "केस टाकून टेंपोत जागा भेटंल?"

हिना आत भिंतीला टेकून बसली होती. मी उलटतपासणीच घेतली. कपाट कधी उघडलंस? सुजीतला कधी भेटलीस? भाऊ काय म्हणतो? तिने प्रत्येकाचं एका वाक्यात उत्तर दिलं.

"भाग्येशने घेतलेल्या मुलाखती तू वाचल्या होत्यास?"

"नाही. मॅडमचा नियम आहे. एकाचं काम दुसऱ्याने बघायचं नाही, म्हणजे मन कलुषित होत नाही. मी बायकांशी बोलले, त्याने तांडेलांशी."

"सुजीतने सभेत फक्त तांडेलांचीच नावं घेतली. बायकांपैकी एकीचंही नाही. का?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण मॅडमना वाटतं, मी आईला वाचवलं म्हणून."

वाटणारच. मलाही तेच वाटत होतं.

३

भाग्येश सालवडला दोन खोल्यांत राहतो. खाली हिंदी बोलणाऱ्या कामगारांची वर्दळ, वर आईने दारात रांगोळी काढलेली. मुलगा गोड. इतका गोड बोलणारा मुलगा दिसला की माझी पर्स मी मांडीवर घेते.

"मला हिनाबद्दल वाईट बोलायचं नाही," तो म्हणाला.

"मग नको बोलूस. तांडेलांबद्दल बोल. ती माणसं माझ्यासमोर, स्वतःच्या वकिलासमोर तोंड उघडत नाहीत. तुझ्याशी कशी काय एवढी मोकळी झाली?"

तो खुलला. "सुरुवातीला नाही झाली. मग मी कोजागरीला गेलो. होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या, सगळे तांडेल नवशाकाकांच्या अंगणात जमलेले. दूध आटवत होते. मी पण बसलो. मग एकेकाला ओट्यावर घेऊन बोलतं केलं. सणाला माणूस सैल असतो ना, ताई."

"अंदाज बरोबर लागला तुझा."

"नारळी पौर्णिमेला मी एकदा गेलो होतो. तेव्हाच लक्षात आलं, ही माणसं पौर्णिमेला घरी सापडतात."

मी मान डोलावली. त्याच्या आईने पोह्यांची बशी पुढे केली. "पोरगा प्राध्यापक झाला की आम्ही जिंकलो बघा," ती माउली म्हणाली. "याचे बाबा सगळ्या खात्यात सांगून बसलेत."

भाग्येशने मान खाली घातली. मला वाटलं, लाजला.

खाली उतरल्यावर काहीतरी सलत होतं. दातात कण अडकावा तसं. पण काय, ते सापडेना.

४

खंडेराव म्हणजे सोलापूरकडचा दणदणीत गडी. "मी चोरली? काय राव वकीलसाहेब!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "बाईंचं पुस्तक निघावं म्हणून मी नवस बोललोय. निघालं की असं परीक्षण लिहितो की बस्स! दहा वर्षं वाट बघतोय. पुस्तकच नाही निघालं तर मी झोडपू कुणाला?"

याला म्हणतात खरी शत्रुत्वाची निष्ठा. मी त्यांचं नाव मनातून खोडलं.

"पण एक सांगतो," ते उठता उठता म्हणाले. "बाईंनी त्या तांडेलांची टिपणं मला दाखवली होती, नावं झाकून. सगळे तांडेल कसे, वर्गातल्या हुशार पोरांसारखे बोलतात. आधी कारण, मग मत, मग निष्कर्ष. आमच्याकडचा शेतकरी मताविषयी बोलताना आधी मला चार शिव्या देतो, मग म्हशीची गोष्ट सांगतो, आणि मत कुणाला दिलं ते शेवटपर्यंत सांगत नाही."

सुजीत बोईसरला त्याच्या कार्यालयात भेटला. मागे त्याचाच हसरा फ्लेक्स.

"ताई, आपण कायद्याच्या बाहेर काय केलं नाय," त्याने आधीच सांगून टाकलं. "अनोळखी नंबरवरून मोबाइलवर पानांचे फोटो आले. मी फक्त वाचले."

"आवाज नाही आला? रेकॉर्डिंग?"

"आवाज असता तर मी माइकला लावला नसता का?"

हे मात्र पटण्यासारखं होतं.

"हंसा मासेवाली तुझ्याबद्दल काय बोलली ते आलं का?"

त्याने कान टवकारले. "काय बोलली?"

काय बोलली ते मॅडमनी मला सांगितलं होतं. छापण्यासारखं नव्हतं. सुजीतच्या सात पिढ्यांचा उद्धार होता तो, आणि गावातल्या बहुतेक बायकांनी त्यात भर घातली होती. म्हणजे ज्याने पानं पाठवली, त्याच्याकडे बायकांचं काही नव्हतं. होती ती फक्त तांडेलांची पानं.

हिनाने आईला झाकलं? तसं धरलं, तर तिने तांडेलांची पानं फोडली, म्हणजे आधी ती वाचली. मी रिक्षात बसले आणि हिना ती पानं वाचतेय असं डोळ्यांसमोर आणून बघितलं. कोळ्याची पोर. पहिलंच पान. कोजागरी, अंगण, आटीव दूध, किनाऱ्याला लागलेल्या होड्या...

"अगं बाई!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की रिक्षावाल्याने ब्रेक मारला. "काय झालं मॅडम, कुछ रह गया?"

"हो बाबा," मी म्हटलं. "वळव. पालघरला घे, चुरी मॅडमकडे."

५

दुपारी मॅडमच्या दिवाणखान्यात मी सगळ्यांना बसवलं. हिना दाराजवळ बसली. मॅडम तिच्याकडे बघत नव्हत्या, आणि मला त्याचाच फार राग येत होता.

"भाग्येश," मी म्हटलं, "कोजागरीचं परत सांग. हिनाने ऐकलेलं नाही."

त्याने सांगितलं. होड्या, अंगण, दूध. बोलता बोलता त्याचं लक्ष हिनाकडे गेलं आणि तो अडखळला. हिनाने मान वर केली होती. मी तिला भेटल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"कुठल्या होड्या?" ती म्हणाली. "कोजागरीला? भर उधाणात? पाऊस संपून धंदा ऐन भरात, आणि तांडेल अंगणात दूध पितात? माझ्या काकीने काकाला दुधासकट बाहेर काढलं असतं!"

"पण नारळी पौर्णिमेला..." भाग्येश म्हणाला.

"नारळी पौर्णिमेला होड्या सजवून पूजतात. ती एकच पौर्णिमा तशी. तेव्हा मासेमारीचा नुकताच आरंभ असतो. बाकी पौर्णिमा-अमावास्येला किनाऱ्यावर बायका, म्हातारे आणि कुत्री. दुसरं कुणी नाही."

मी मॅडमकडे वळले. "मॅडम, कोजागरीला याच्याशी कुणी तांडेल बोललेला नाही. त्या मुलाखती सालवडला बसून लिहिल्यात. नवशा खरं बोलत होता. तुम्ही म्हणालात, मतदार नाकारतोच. त्याने मत नाकारलंच नव्हतं. मुलाखत झालीच नाही एवढंच तो सांगत होता."

मॅडमनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तुम्ही जाहीर केलंत, घरोघर जाऊन आवाज ऐकवणार. हिनाला कसली भीती? तिच्याकडे आवाज होते. ज्याच्याकडे आवाजच नव्हते त्याला ती डिस्क हरवायला हवी होती. पण नुसती हरवली तर तुम्ही म्हणाला असता, चला, परत विचारू. म्हणून चोरी राजकारणाची दिसायला हवी होती. त्याने आपलीच पानं सुजीतला पाठवली. गाव पेटलं की कोणता तांडेल पुन्हा बोलायला बसतोय? हिनाची पानं त्याने कधी पाहिलीच नव्हती, म्हणून बायकांचं एक अक्षर बाहेर आलं नाही. आणि हिनाने त्याची पानं पाहिली असती, तर ती फोडायची कशाला? पहिल्याच पानाला धावत तुमच्याकडे आली असती."

"भाग्येश?" मॅडमचा आवाज मला ओळखू आला नाही.

तो म्हणाला, "दोनदा गेलो होतो मी. नवशाकाकांच्या बायकोने हाकललं. म्हणाली, मतं मोजायला आलास तर मतपेटीत जाऊन बस. सगळे हसले. तिसऱ्यांदा जायची हिंमत झाली नाही. वर्ष संपत आलं होतं, बाबा सगळ्यांना सांगून बसले होते..." त्याने तोंड झाकलं. "डिस्क फेकली नाही मॅडम. घरी तांदळाच्या डब्यात आहे. हिनाचं काम खरं होतं, ते फेकवलं नाही."

मला त्याची कीव आली आणि त्याच्या थोबाडीतही द्यावीशी वाटली. दोन्ही एकदमच.

"हिनाचं काम फेकवलं नाही," मी म्हटलं, "आणि हिनाला?"

हिना उठली होती. ती भाग्येशकडे गेलीच नाही, मॅडमसमोर उभी राहिली.

"मॅडम, किल्ली आम्हा तिघांना माहीत होती. तुम्हाला माझंच नाव का आठवलं?"

मॅडम काही बोलायला गेल्या.

"माझा भाऊ सुजीतची गाडी चालवतो म्हणून ना? मी त्या गावची म्हणून. मला एकदा विचारायचं तरी होतंत."

सबंध हयात लोकांना प्रश्न विचारण्यात घालवलेली ती बाई हातातला रुमाल चुरगाळत राहिली. मला माझ्या मास्तरणीची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

६

रविवारी बैठक भरली. भांगाचे दिवस होते, गडीमाणसं सगळी हजर. सुजीतही मागे येऊन उभा राहिला होता, हात बांधून. मी मॅडमना गाडीत म्हटलं होतं, की एक पत्र पाठवलं तरी भागेल. मी वकिलीची वाट दाखवत होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

देवळासमोर त्या उभ्या राहिल्या. माइक घेतला नाही.

"तुमच्या तांडेलांच्या तोंडी जे घातलं गेलं, ते त्यांनी कधी म्हटलेलं नाही. माझ्या विद्यार्थ्याने ते घरी बसून लिहिलं. मी ते खरं मानलं, कारण ते मला हवं तसंच होतं. पुस्तक निघणार नाही. हिनाने काही चोरलं नाही. मी तिच्यावर आळ घेतला, तो चुकीचा होता." त्यांनी हात जोडले. "मी तुम्हा सगळ्यांची माफी मागते. तिची आधी."

भाग्येश त्यांच्या शेजारी होता. वडिलांना घेऊन आला होता. बाप मान वर करत नव्हता. कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी त्याला गप्प केलं. हंसाची जाऊ उठली, हंसाजवळ जाऊन बसली, आणि तिच्या टोपलीचा कान धरून बसून राहिली. हंसा रडायला लागली.

मग नवशा उठला. काळा, रुंद माणूस. आधी भाग्येशला म्हणाला, "आलास तरी. बरा केलास." मग मॅडमकडे वळला. "मंग बाय, मी काय बोललो, ते तुमाला ठाऊकच नाय?"

"नाही."

"एवढा गाव पेटला, मना बर्फ दिला नाय, आनि मना कोनी इचारलाच नाय?"

"नाही, नवशाभाऊ. विचारलं नाही."

नवशाने डोकं खाजवलं. "मंग इचारा की आता. मना लय बोलायचा हाय." आणि हिनाकडे बघून म्हणाला, "तू ये गो. तूच इचार."

हिनाने आईकडे बघितलं. मग ओढणी खोचली आणि नवशाच्या घराकडे निघाली. मॅडम सवयीने मागोमाग निघाल्या, पिशवीतून चष्मा काढत. मीही निघाले. मला तर उत्सुकतेने राहवत नव्हतं.

उंबऱ्यावर हिना थांबली. आवाज चढवला नाही, रागही दिसला नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

मॅडमनी मान हलवली, "हो, हो," आणि दोन पावलं मागे सरकल्या. दार लागलं.

बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या सावलीत आम्ही दोघी उभ्या राहिलो. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, त्या बसल्या नाहीत. आतून नवशाचं मोठ्याने हसणं ऐकू आलं, मग बराच वेळ हळू बोलणं. मॅडम दाराकडे बघत होत्या.

आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. त्यांनाही नाही.